ग्रह गिळलेल्या ताऱ्याच्या गावी

पैनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. परराज्यात आल्याची खूण एवढीच. बाकी तीच काळी माती, दोन्ही बाजूंना तोच फुटलेला कापूस आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंच्या तोंडी तीच बोली. पांढरकवड्यापासून त्या माझ्याकडे संशयाने बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"कोठी जाऊन राह्यले जी?"

"बोथला."

"काऊन?"

"एका ताऱ्याच्या सत्काराला," मी म्हटलं. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत केला.

खरं तर सत्कार वैशालीचा होता. मी नागपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. वैशाली माझी विद्यार्थिनी, बोथची. आता ती बंगळुरूला एका संशोधन संस्थेत ताऱ्यांमध्ये कोणता धातू किती आहे ते मोजते. मी आयुष्यभर परीक्षानळीतलं मीठ ओळखायला शिकवलं आणि ही पोरगी ताऱ्यातलं लोखंड मोजायला लागली, हे लोकांना सांगताना माझी मान उगीचच ताठ होते. तिने दोन जुळ्या ताऱ्यांचा अभ्यास केला होता. वायूच्या एकाच ढगातून जन्मलेले तारे, म्हणजे दोघांतलं धातूंचं प्रमाण सारखं हवं. पण एकात लोखंड जास्त निघालं. खडकाळ ग्रहांत लोखंड पुष्कळ असतं, म्हणून तिने निष्कर्ष काढला की या ताऱ्याने आपला एखादा ग्रह गिळला असावा. वर्तमानपत्रात बातमी आली. वैशालीची नोकरी मुदतीची होती आणि मुदत संपत आली होती. कायमच्या जागेसाठी तिने जो अर्ज केला होता, तो याच शोधाच्या जोरावर. इकडे गावाने सत्कार ठरवला आणि प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं. भाषण लिहून मी खिशात ठेवलं होतं.

बोथच्या फाट्यावर तिचे वडील देविदासजी स्कूटर घेऊन उभे होते. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. "जय भीम, सर," म्हणाले आणि माझी बॅग हिसकावूनच घेतली. चहा पिता पिता शेजारच्या अनोळखी ट्रक ड्रायव्हरला त्यांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला तेलुगू येत नाही, पण त्यांनी एका हाताच्या मुठीत दुसऱ्या हाताचं बोट घालून गडप केलं, त्यावरून विषय कळला. ड्रायव्हरने डोळे मोठे केले. देविदासजी माझ्याकडे वळून म्हणाले, "साऱ्या बोथले मालूम हाय. आता फाट्यावरचे राह्यले होते."

कापसाची खोली

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीच्या पाल्याची भाजी, ठेचा. इथवर मी घरीच होतो. मग भात आला आणि त्यावर चिंचेचा पातळ, झणझणीत चारू. नागपुरात आपण वरणाशिवाय भाताला हात लावत नाही. इथे लोक भाकरी वऱ्हाडी खातात आणि भात तेलंगी. वैशालीची आई कमलाबाई वाढताना थांबतच नव्हत्या. "चारू पेऊन टाका सर, पोट हलकं होते," म्हणाल्या. मी प्यालो. पोट हलकं झालं नाही, डोळ्यांतून मात्र पाणी आलं.

दुपारी वैशाली म्हणाली, "सर, तुम्हाला एक दाखवायचंय," आणि मला पुढच्या खोलीत घेऊन गेली. देविदासजींची थोडी शेती बटईने दिलेली आहे. वाट्याला आलेला कापूस भाव चढेपर्यंत इथे घरातच ठेवतात. खोलीत छातीपर्यंत कापूस होता. बसायलाही कापूस आणि टेकायलाही. खिडकी बंद करून तिच्या फळीला तिने एक बारीक फट ठेवली होती. बाहेर अंगणात आरसा टेकवून ऊन त्या फटीतून आत घेतलं होतं. आत एक भिंग आणि त्यापुढे अतिशय बारीक रेघा आखलेली एक काच. समोरच्या कापसावर लाल, पिवळा, हिरवा, निळा असा पट्टा पडला होता. पांढऱ्या कापसाच्या ढिगावर ते रंग असे काही बसले होते की मी दारातच उभा राहिलो.

"हे काही नाही," ती म्हणाली आणि रंगांच्या मध्ये तिने पांढरा पुठ्ठा धरला, भिंग किंचित पुढे-मागे केलं. "आता पिवळ्यात बघा. जवळ या."

पिवळ्या रंगात दोन काळ्या रेघा होत्या. एकमेकींना खेटून, केसांसारख्या बारीक.

"ओळखा सर."

मी ओळखलं. ते सोडियम होतं. आपलं मीठ. मी उभ्या आयुष्यात मीठ ज्योतीत धरून हजारो पोरांना पिवळा रंग दाखवला. सूर्यात नेमकी त्याच जागी काळी रेघ असते, कारण सूर्याच्या वरच्या थरातलं सोडियम तेवढा प्रकाश शोषून घेतं, हेही शिकवलं. पुस्तकातून. स्वतःच्या डोळ्यांनी मी ते कधी बघितलंच नव्हतं. कोट्यवधी मैलांवरच्या आगीत मीठ आहे, आणि ते मला बोथमध्ये कापसाच्या ढिगात बसून दिसत होतं. तिच्या हातातला पुठ्ठा घेऊन मी स्वतःच धरून बसलो.

मग तिने सांगितलं, ती काय मोजते ते. प्रत्येक धातूच्या रेघा ठरलेल्या जागी असतात. रेघ जितकी गडद आणि जाड, तितका तो धातू जास्त. ताऱ्याकडून प्रकाशाखेरीज दुसरं काही येत नाही, म्हणून याच रेघांच्या जाडीवरून सगळा हिशोब करायचा.

अंगणात तिने छोटी दुर्बीण उन्हाकडे रोखली आणि मागे कागद धरला. "दुर्बिणीला डोळा लावायचा नाही हं," तिने आईला दटावलं. कागदावर बशीएवढा सूर्य उमटला. त्यावर काळे ठिपके होते, मुंग्या बसल्यासारखे. सध्या सूर्याचा डागांचा हंगाम आहे, ती म्हणाली. त्यातल्या एका ठिपक्यात आपली अख्खी पृथ्वी मावते. कमलाबाईंनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"हे तं सरकून राह्यलं."

"तो नाही सरकत आई. आपण सरकतोय. पृथ्वी फिरते ना."

कमलाबाईंनी एक हात शेजारच्या खांबाला लावला आणि कागदावरून सूर्य निघून जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मीही हळूच दुसऱ्या बाजूने खांब धरला.

डाग म्हणजे चुंबकत्वाला जिथे पीळ पडलाय ती जागा, असं वैशालीने समजावलं. काही रेघा चुंबकत्वात फुटतात. एकीच्या तीन होतात, पण इतक्या जवळजवळ की आपल्याला एकच जाडसर रेघ दिसते. आपला सूर्य त्या मानाने शांत. काही तारे मात्र डागांनी भरलेले असतात.

"मग तिथे रेघ जाड कशामुळे झाली, धातूमुळे की चुंबकत्वामुळे, हे कळणार कसं?" मी विचारलं. वर्गात पोरांनी विचारला तर मला आवडला असता, असा प्रश्न.

ती कागद गुंडाळत म्हणाली, "त्याचीच वाट बघतेय सर. आमच्या जुळ्यांतला तो तारा चार वर्षांपूर्वी, पहिल्या मोजणीच्या वेळी, डागांच्या ऐन भरात होता. आता तो शांत झालाय. त्याची नवी मोजणी मागवली आहे. आज-उद्या येईल."

पोचेरा

दुसऱ्या दिवशी देविदासजींनी आम्हाला भाड्याच्या गाडीने पोचेऱ्याचा धबधबा दाखवायला नेलं. मी चिखलदऱ्याचे धबधबे बघितले आहेत. उंचावरून बारीक धार पडते, लोक फोटो काढतात. हा तसा नाही. उंची फार नाही, पण सगळी नदीच काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून एकदम खाली येते आणि खालच्या डोहात तिचा आवाज असा घुमतो की छातीच्या फासळ्यांत जाणवतो. भोवती साग, पानं गळायला लागलेली. पाण्याचे तुषार उन्हात आले की त्यातही रंग. आदल्या दिवसापासून माझी नजरच बदलली होती. मी त्या रंगांत काळ्या रेघा शोधत वाकलो आणि शेवाळावरून घसरून बसलो. पँट मागून फाटली. देविदासजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या कमरेला गुंडाळला. प्रमुख पाहुणे त्या अवतारात गाडीपर्यंत चालत आले.

महामार्गावर आल्यावर वैशालीच्या फोनला रेंज मिळाली. तिने बघितलं, फोन पर्समध्ये ठेवला आणि परत काढून बघितला. मोजणी आली होती.

घरी येताच ती लॅपटॉप घेऊन पडवीत बसली. लोखंडाच्या असंख्य रेघा असतात. त्यांतल्या काही चुंबकत्वात फुटतात, काहींवर त्याचा परिणामच होत नाही. तिने त्यांचे दोन गट केले. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. मला फार कळत नव्हतं, पण प्रयोगाच्या शेवटी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते मला कळतं. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले.

"नाही खाल्ला, सर."

"काय?"

"ग्रह. त्या ताऱ्याने काही खाल्लेलं नाही. चुंबकत्वाचा परिणाम न होणाऱ्या रेघांत लोखंड जुळ्याइतकंच आहे. जुन्या मोजणीत जास्त दिसलं ते फक्त फुटणाऱ्या रेघांत. आणि आता तारा शांत झाल्यावर त्याही बारीक झाल्यात. लोखंड तेवढंच आहे. तारा लोखंड गिळून चार वर्षांत परत टाकत नाही." ती थोडं हसली, मग म्हणाली, "मी लोखंड मोजतेय असं समजत होते. मी चुंबकत्व मोजत होते. एवढ्या लांबच्या ताऱ्याचा पीळ, सर, तो आपल्या हाताला लागला." आणि मग ती रडायला लागली. इतकं मोठं काही आणि इतकं वाईट काही मी एकाच वेळी कधी ऐकलं नव्हतं.

देविदासजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे नाई खाल्ला?"

"नाही बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी दुपट्टा झटकला, घडी घातली आणि बाहेर निघून गेले. जेवायला आले तेव्हा अर्धी भाकरी खाऊन उठले.

कमलाबाई म्हणाल्या, "उद्याचा दिस जाऊ दे व वैशू. लोकायनं मांडव टाकला. परवा सांग ना, काय होते?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. शाल-नारळ होऊ दे, बंगळुरूला जाऊन शांतपणे लिही, असं मी तिला सुचवलं. जागेची मुलाखत तोंडावर होती, ते माझ्या डोक्यात होतंच.

"तुमच्या भाषणात काय आहे सर?" तिने विचारलं.

मी खिशातून कागद काढला. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत त्यात गिळणंच होतं.

"तुम्ही हे वाचणार आणि मी शाल पांघरून ऐकत बसणार?"

मी कागदाची घडी घातली. ती आत गेली आणि तिने आपल्या सहकाऱ्यांना आणि जिथे तिचा लेख छापला होता तिथे, शोध चुकल्याचं कळवून टाकलं.

सत्कार

मांडवात शिरताच समोर भलंमोठं फ्लेक्स. मराठीत आणि तेलुगूत वैशालीचं नाव आणि मधोमध तारा. फ्लेक्स करणाऱ्याने ताऱ्याला तोंड काढलं होतं, तोंडात सुळे, आणि सुळ्यांत पृथ्वी, तिच्यावर भारताचा नकाशा स्पष्ट दिसत होता. वैशालीने ते बघितलं आणि ओढणी तोंडाला लावली. हसत होती की काय, मला कळलं नाही.

सत्कार समितीचे नागोराव पाटील म्हणजे भला माणूस. कापसाचे मोठे शेतकरी. मांडवाचा खर्च त्यांचाच. त्यांनी प्रास्ताविक केलं, गावाची पोरगी, ग्रह, तारा, आभाळ, सगळं आलं. मग माझं नाव पुकारलं. मी उठून म्हटलं, "मी जे लिहून आणलं होतं ते आता खरं राहिलेलं नाही. वैशालीच सांगेल." एवढं बोलून खाली बसलो. पन्नास माणसांपुढे इतकं छोटं भाषण मी आयुष्यात केलं नाही.

वैशाली बंगळुरूची भाषा बाजूला ठेवून गावच्या भाषेत बोलली.

"तुमी सकाळी दव पडलेला कापूस मोजाले नेला तं वजन जास्त भरते. कापूस वाढला काय? नाई. वरचं पाणी हाय ते. माया ताऱ्याचं तसंच झालं. त्याच्या अंगावर चुंबकाचा जोर होता, म्हणून मले लोखंड जास्त दिसलं. आता जोर उतरला, तं लोखंड त्याच्या भावाइतकंच भरलं. त्यानं ग्रह खाल्ला नाई. मी चुकली होती. मोठी गोष्ट ही हाय का त्या चुंबकाचा जोर आता अठी बसून मोजता येते. पण तुमी ज्याच्यासाठी मले बोलावलं ते खरं नाई."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. नागोरावांनी शालीकडे बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं.

"मंग आता सत्कार कायचा करावं, बाई?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

मग नागोरावच पुढे आले. "आनली हाय तं घालू," म्हणत त्यांनी शाल तिच्या खांद्यावर ठेवली. टाळ्या पडल्या, पण पाहुण्याघरी आवडत नसलेला पदार्थ संपवावा तशा. दोन शब्द बोलायला देविदासजींना बोलावलं, तर त्यांनी बसल्या जागी हात जोडून नको म्हटलं. लोक चिवडा-पेढा खाऊन गेले. जाताना कुणी वैशालीशी बोललं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे देविदासजींशीही कुणी बोललं नाही. ते पहिल्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते.

मला त्यांचा राग आला, हे कबूल करतो. पोरीने केवढं काम केलं आणि बापाला बातमीचंच पडलंय, असं मला वाटलं. वैशालीच्या जागेचं पुढे काय झालं, ते हे लिहीपर्यंत मला कळलेलं नाही. त्या संध्याकाळी तरी ती जागा गेल्यातच जमा होती.

सकाळी माझी बस होती. उठलो तर देविदासजी कडक इस्त्रीच्या शर्टात, पेनं लावून तयार.

"चला सर, बसले टाइम हाय. जरा फिरून येऊ."

पहिलं दुकान न्हाव्याचं. देविदासजी पायरीवर उभे राहिले आणि आत बसलेल्या गिऱ्हाइकाला, न्हाव्याला, आरशातल्या सगळ्यांना म्हणाले, "मी मागं सांगतलं होतं का ताऱ्यानं ग्रह खाल्ला. तसं नाई. आमच्या वैशूनं पुन्हा मोजलं." तिथून पानठेला. तिथून किराणा, तिथे तेलुगूत. मी धापा टाकत मागे. गल्लीच्या वळणावर मी त्यांना थांबवून विचारलं, हे काय चाललंय.

"कचेरीत आमचा कायदा होता सर," ते म्हणाले. "शेताचं नाव चावडीवर चुकीचं पुकारलं गेलं, तं कागद मागून दुरुस्त होये. पयले डफडंवाला पुन्हा धाडायचा. ज्या ज्या कोपऱ्यावर चुकीचं पुकारलं, त्या त्या कोपऱ्यावर दुरुस्ती पुकारायची. एक कोपरा सुटला, का तथी खोटंच चालू राह्यते. राती मी याद करून राह्यलो होतो, कोणाकोणाले सांगतलं ते."

शेवटचं दुकान बियाण्यांचं. मालक उत्तरेकडचा, त्याच्याशी हिंदीत.

"आप तो बोले थे, खाया," मालक म्हणाला.

"बोला था. गलत था."

"गलती किसने पकडी? बंगलोरवाले?"

"किसीने नहीं पकडी. किसीको मालूमच नहीं था," देविदासजी म्हणाले. फाट्यावर त्या ड्रायव्हरला ग्रह गिळल्याचं सांगतानाही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता. "सारी दुनिया मानती थी. मेरी बेटीने पकडी. उसकी खुदकी थी, फिर भी पकडी."

मालकाने काउंटरमागून स्टूल काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि कसं पकडलं ते विचारलं. देविदासजी बसले, खिशातलं पेन काढलं, आणि बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर जाडसर एक रेघ ओढली.